सत्तर कोस, सहा नारळ

पौष वद्य नवमी, धारूर

बार्शीच्या मिस्त्रीने मोटार ताब्यात देताना सांगितले होते, "लांबच्या पल्ल्याला निघालात की वही ठेवा. कुठं काय बिघडलं, त्यावर काय केलं, रोज लिहा." बिघडणार काही नाही. पण नव्या कामाला नवी वही असलेली बरी दिसते, म्हणून आणली.

उद्या आईला घेऊन नगरला निघतो. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आहे. दोन वर्षे झाली, तिला उजेड कळतो, माणूस कळत नाही. नगरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांचे पत्र आले आहे. माघ शुद्ध षष्ठीपर्यंत जे येतील त्यांनाच घेणार, सप्तमीला शेवटच्या शस्त्रक्रिया, मग डॉक्टर वर्षभरासाठी विलायतेला जाणार. आईचे वय सदुसष्ट. अजून वर्षभर थांब, असे तिला कोणत्या तोंडाने सांगू?

नगर सत्तर कोस. मोठे बंधू मोहनराव म्हणाले, "बैलगाडीनं जा, सुंदर. आठव्या दिवशी सुखरूप पोचशील." मी म्हटले, दादा, आईची हाडे आठ दिवस खिळखिळी करायची तर मोटार घेतली कशाला? मोटारीने दोन दिवस. उद्या बीड, परवा नगर. षष्ठीला अजून बारा दिवस आहेत. तिथे जाऊन नुसते वाट पाहत बसू.

आईने मात्र एक हट्ट धरला. आमची गुरे सांभाळणाऱ्या बंकटला तिने आज दुपारीच बैलजोडी घेऊन केजच्या रस्त्याला लावून दिले. मी विचारले, "बैल कावून?" म्हणाली, "असू दे रं संगं." तिला मोटार दिसलेली नाही, त्यामुळे रागावण्यात अर्थ नाही.

पौष वद्य दशमी, केजच्या पुढे दोन कोस

सकाळी मोटारीची पूजा केली. पुढच्या बाजूला पाण्याची पितळी पेटी आहे, मिस्त्री तिला रेडिएटर म्हणत असे. तेच मोटारीचे कपाळ. तिथे हळदकुंकू वाहिले आणि नारळ त्याच कपाळावर फोडला. एका दणक्यात दोन भकले! सारे धारूर जमले होते. केसरबाईने सासूच्या पायावर पाणी घातले आणि मला हळूच म्हणाली, "दमानं घ्या." बायको म्हटल्यावर एवढे बोलणारच.

केजला मामेभाऊ राधाकिशन नारळ घेऊन रस्त्यातच उभा होता. त्यानेही कपाळावर फोडला. हात दांडगा आहे त्याचा.

पुढे दोन कोसांवर मोटारीच्या तोंडातून वाफ निघू लागली आणि इंजिन घरघरून बंद पडले. झाकण उघडले तर पाणी तळाला गेलेले. ऊन फार होते. आई म्हणाली, "सुंदर, मघापसून काईतरी ठिबकतंय बघ." मी म्हटले, इंजिनाचा आवाज आहे तो. म्हातारपणी कानात असे होते.

ओढ्यावरून पाणी आणेपर्यंत दिवस कलला. बंकट केजला मुक्कामाला होताच, तो बैल घेऊन आला, मोटारीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "मालक, हिच्या मुस्काटावर कुणी हानलंय का?" मोटार म्हणजे काय, हे त्याला समजावून सांगायला मला अर्धा तास लागला.

पौष वद्य एकादशी, नांदूरघाट

आज मागच्या उजव्या चाकात बाभळीचा काटा घुसला. एक नाही, तीन. रबरी नळी इतकी फाटली की ठिगळ लागेना. जादा नळी मी घेतली नव्हती, हे खरे आहे आणि ते इथेच लिहून टाकतो. बंकटने शेजारच्या शेतातून सरमड, म्हणजे बाजरीची वाळकी ताटे, मागून आणले, पेंढ्या वळल्या आणि टायरात ठासून भरल्या. चाक उभे राहिले! लंगडत का होईना, मोटार चालली.

दोन्ही हातांनी सरमड कोंबताना मी घामाघूम झालो. आई बाभळीखाली घोंगडीवर बसून विचारत होती. काय दिसतंय? शेत कसलं हाय? करडई फुलली का? मी सांगत गेलो. करडई फुलली होती. ती म्हणाली, "तू ल्हान हुतास तवा करडईत शिरला हुतास. अंगभर काटं. काढता काढता रात झाली." मला हे आठवत नाही. पण ऐकायला बरे वाटले.

नांदूरघाटाला पाटलांनी गावाबाहेर येऊन नारळ फोडला. दोन दिवसांत दोनदा बंद पडली, तेव्हा दृष्ट लागली हे उघड आहे. केजच्या बाजारात कसल्या कसल्या नजरा होत्या! म्हणून पाटलांचा झाल्यावर मी आणखी एक नारळ मागवला, मोटारीवरून उतरवला आणि कपाळावर फोडला. आता काळजी नाही.

पौष वद्य त्रयोदशी, घाटाचा माथा

काल काहीच घडले नाही. म्हणजे मोटार हललीच नाही.

पेट्रोलच्या डब्यात पाणी आणि गंज उतरला होता. हँडल मारून मारून खांद्याचा सांधा निखळायची वेळ आली. शेवटी आईने आपल्या जुन्या लुगड्याचा पदर फाडून दिला, "ताकावानी गाळून घे की." चार घड्या करून सारे पेट्रोल गाळले. आज दुपारी गाडी सुरू झाली तेव्हा मी ओरडलोच. आईनेही टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवणारी आई मी पहिल्यांदा पाहिली.

पण पाणी अजून आटते आहे. आधी चार कोसांना घागर लागत होती, आता दोन कोसांना लागते. घाटाच्या माथ्यावर म्हसोबाचे ठाणे आहे. एवढा उतार समोर, देवाला विसरून कसे चालेल? तिथला गुरव म्हणाला, नारळ दगडावर फोडा. मी म्हटले, घाट उतरायचा मोटारीला आहे, दगडाला नाही. कपाळावरच फोडला.

पौष वद्य चतुर्दशी, बीड

आज जे झाले ते मोहनरावांना कळू नये.

माथ्यावरच पेटीतले पाणी संपले. पाण्याशिवाय इंजिन चालवले तर जळेल, आणि नुसत्या ब्रेकवर सोडायची माझी छाती होईना. खाली वळणे, एका अंगाला दरी, आत आई. बंकट म्हणाला, "उतरनीला बैल म्होरं न्हाई, मागं जुपत्यात." त्याने मोटारीच्या पाठीला दोर बांधून बैल उलटे जुंपले. बैल मागे रेटत होते, मोटार पुढे ओढत होती, मी चाक धरून बसलो होतो. वळणावळणाला बंकट बैलांशी बोलत होता. मी ब्रेकवरचा पाय उचलला नाही. भीती वाटली. खाली आल्यावर आईने माझे हात आपल्या हातात घेऊन चोळले. तिला कसे कळले कोण जाणे.

पायथ्याच्या विहिरीवर पाणी भरून बीडला पोचलो. दोन दिवसांत नगर गाठायचे होते. पाच दिवसांत बीड गाठले.

पौष अमावास्या, बीड

शहादेव नावाचा तांबट आहे, भांड्यांना डाग देणारा. त्याला पेटी दाखवली. त्याने बोट फिरवले, माझ्याकडे पाहिले. "मालक, हिला मार बसलाय. सांधे उकललेत." मी म्हटले, रस्त्याचे दगड उडाले असतील. तो म्हणाला, "दगड येवढ्या वर उडत्यात?" कारागीर माणसे बोलतात फार. उद्यापर्यंत डाग देऊन देतो म्हणाला.

झाले असते तरी आज निघालो नसतो. अवसेला प्रस्थान ठेवत नाहीत. मी आईला तसे म्हटले, तर ती म्हणाली, "मला काय बाबा, दोन साल झालं, माजी रोजच अवस हाय." ती हसत हसतच बोलली. मी उठून बाहेर गेलो आणि उगीच टायर तपासत बसलो. षष्ठीच्या आत नगरला गेलेच पाहिजे.

माघ शुद्ध द्वितीया, बीडच्या पुढे चौदा कोस

काल शहादेवाने पेटी बसवली. पाण्याचा थेंब गळत नाही! नवी नळीही मिळाली. आज पहाटे निघताना नारळ घेतला तर शहादेव पुढे आला, "चाकाखाली फोडा, मालक." मी हसलो. कपाळ सोडून कुणी पायाशी पूजा करते का? इतके चांगले काम झालेले, त्याला साजेसाच दणका दिला. शहादेवाने डोळे मिटून घेतले. भाविक माणूस आहे.

चौदा कोस मोटार वाऱ्यासारखी गेली. आईचा पदर उडत होता. मग पुन्हा वाफ. पेटीच्या मधोमध बोटभर फट पडली आहे. भरलेली घागर शंभर पावलांत रिकामी होते. मला रडू आले, ते मी आईला कळू दिले नाही.

माघ शुद्ध चतुर्थी, कड्याच्या अलीकडे

काल दुपारी बंकट येऊन पोचला. तेव्हापासून बैल मोटार ओढत आहेत. रस्त्यावरची पोरे मागे लागून ओरडतात. नगर अजून वीस कोस. या चालीने चार दिवस. आपल्याकडे दोन.

मी बंकटला म्हटले, आईला कुणाच्या तरी दमणीत बसवून पुढे काढू. दमणी म्हणजे पळणाऱ्या बैलांची हलकी गाडी. दोन गावांत विचारले. कुणाचे बैल सुगीत, कुणाची गाडी लग्नाला गेलेली. मोहनरावांचे ऐकले असते तर आज आम्ही नगरात तीन दिवस मुक्काम करून असतो. हे मी कुणाला बोलून दाखवणार नाही, पण वहीपासून लपवून काय उपयोग? माझ्या हौसेपायी आईचे डोळे जातील.

माघ शुद्ध पंचमी, तिथेच

आजचे सविस्तर लिहितो.

ज्या शेताच्या बांधावर आम्ही मुक्काम केला ते तुळजाबाई नावाच्या बाईचे. नवरा वारलेला, एकटी शेत पाहते. ज्वारी ऐन हुरड्यात आहे. सकाळी तिने गोवऱ्यांची आगटी पेटवली आणि कणसे भाजून तळहातावर चोळून आईच्या ओंजळीत हुरडा घातला. लसणाची चटणी, दही. आई म्हणाली, "लई वरसांनी रानात बसून खाल्ला." मीही तिच्या शेजारी बसून खाल्ला. शेवटचा असा कधी बसलो होतो ते आठवेना. मला षष्ठीची काळजी, आणि आई सणाला आल्यासारखी खूश.

मी तुळजाबाईला सारी हकिगत सांगितली. पहिल्या दिवसापासून दृष्ट कशी लागली, किती उतारे केले. तिने देवीपुढे ठेवलेला नारळ आणून दिला. मी फडके मागितले, डोक्याला बांधले आणि नारळ उचलला. एवढ्यात आई म्हणाली, "थांब. फोडायच्या आदी मला तिच्या पाया पडू दे. पन्नास कोस आनलं तिनं मला."

मी तिला हाताला धरून मोटारीपुढे आणले. तिने वाकून पितळेला हात लावला. बोटे फिरवली. थांबली. पुन्हा फिरवली.

"सुंदर, हितं खळगा हाय."

"दगड लागला असेल."

"ह्यो एक. ह्यो दोन." ती मोजत गेली. "सा हायेत. मदी फट हाय, ती ह्या सहाव्याच्या पोटात." मग बोट पुन्हा पहिल्यावर नेऊन ती हळूहळू म्हणू लागली, "ह्यो धारूरचा. ह्यो राधाकिशनचा, केजचा. हे दोन नांदूरघाटचे. ह्यो घाटावरचा. आन् ह्यो बीडचा."

माझ्या हातात सातवा नारळ होता.

मग बंकट बैलांकडे पाहत म्हणाला, "पैल्या दिशी म्हनलं हुतं मी. जनावराच्या तोंडावर मारत न्हाईत." मी खालीच बसलो. मला दोन धड डोळे आहेत, अकरा दिवस ही पेटी माझ्या नाकासमोर आहे, आणि आईला ठिबकणे केजलाच ऐकू आले होते.

"मीच फोडली गं आई," मी म्हटले. "मीच."

ती म्हणाली, "पूजा केलीस. चोरी न्हाई केलीस. आता मला सांग, नवी घागर पाझरली तर बायका काय करत्यात?"

ते तुळजाबाईने सांगितले. घागरीत पिठाचे पाणी भरून ठेवायचे, पीठ भोकांत जाऊन बसते. मोठ्या फटीला आधी बंकटने चिंधी ठासली, वरून चुना आणि गूळ कुटून लिंपला, मोटेच्या कातड्याचा तुकडा लावून दोराने आवळून बांधला. मग तुळजाबाईने ज्वारीचे पीठ कालवले आणि आम्ही पेटीत ओतले. इंजिन सुरू केले. पाणी उकळू लागले तसे बारीक भोकांतून आधी पांढरे पाणी आले, मग चिकट थेंब, मग थेंब थांबले. सगळ्या बांधावर आंबिलीचा वास सुटला. मी मोटारीच्या पाया पडायला वाकलो, आणि आईने माझा हात चाचपून नारळ काढून घेतला.

चुना वाळायला आजचा दिवस द्यावा लागेल, बंकट म्हणतो. या वेळी मी त्याचे ऐकणार आहे.

माघ शुद्ध षष्ठी, नगर

पोचलो!

बैल तुळजाबाईपाशी ठेवले आणि बंकटला पुढे बसवले, मांडीवर पिठाच्या पाण्याची घागर. जन्मात पहिल्यांदा मोटारीत बसला. वीस कोस डोळे मिटून होता, पण घागर हिंदकळू दिली नाही. दर कोसाला थांबून मापटेभर ओतायचे, पुन्हा निघायचे.

सरहद्दीवर निजाम सरकारच्या करोडगिरीच्या नाक्याला नाकेदाराने अडवले. मालाची जकात घेणारा माणूस, नाक तिखट. "वास कसला? मोटारीत दारू गाळता का?" मी कायदा सांगू लागलो. बंकटने मधेच झाकण उघडले, वाटीभर काढून फुंकर मारली आणि स्वतः पिऊन दाखवली. "मीठ कमी हाय, साहेब." नाकेदार इतका हसला की पावती करायची विसरला.

दवाखान्यात पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. कंपाउंडर नावे लिहिण्याची वही मिटत होता. मी धावत गेलो. तो म्हणाला, उद्या या. मी म्हटले, उद्या नाही हो, आज षष्ठी आहे, आज! आवाज चढला असावा, कारण डॉक्टरच बाहेर आले. माझे तोंड काजळीने माखलेले, बंकटच्या मिशीला पीठ. डॉक्टरांनी आईला नाव विचारले, तिचा डोळा दिव्यापुढे पाहिला आणि म्हणाले, "छबुबाईंचं नाव लिहा."

माघ वद्य तृतीया, नगर

आज पट्टी सोडली. जाड भिंगांचा चष्मा लावला. आईने आधी खिडकी पाहिली, मग बंकटला, मग माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली. मला वाटले, ओळखत नाही. मग म्हणाली, "सुंदर, तुजे केस पिकले रं."

मी रडलो. बंकटही रडला. लिहून ठेवतो.

बाहेर नेऊन मोटार दाखवली. आई म्हणाली, "आगं बया! येवढीशीच व्हय?"

माघ वद्य त्रयोदशी, धारूर

नगरच्या कारागिराने पेटी नवी करून दिली. परतीला एकदाही मोटार बंद पडली नाही. एकदाही नाही! तरी दोन दिवसांच्या वाटेला चार दिवस लागले, कारण आई. जिथे जिथे मोटार बंद पडली होती तिथे तिथे तिने मला थांबायला लावले. खाली उतरायची, चष्मा सारखा करायची आणि पाहायची. तुळजाबाईचा चेहरा तिने दोन्ही हातांत धरून पाहिला. सातवा नारळ तिने स्वतः तिच्या विहिरीच्या दगडावर फोडला, खोबरे वाटले. बंकट तिथून बैल घेऊन निघाला. बीडला शहादेवाच्या दुकानात तासभर बसली. घाट पाहून म्हणाली, "ह्यो? बरं झालं तवा दिसत न्हवतं." त्या बाभळीखाली तिने घोंगडी अंथरायला सांगितली. करडई आता वाळायला लागली होती. मला घाई होती, पण तिथे आम्ही ऊन उतरेपर्यंत बसलो. पाहण्यासारखे तिथे काय आहे, हे मला अजून कळलेले नाही. डोळे नवे असले की सारेच पाहावेसे वाटत असेल.

घरी सारे गाव भेटायला आले. मोहनरावांनी आईला विचारले, मोटारीत हाल झाले का? मी कान टवकारले. ती म्हणाली, "लई गुणाची हाय बाबा मोटार. वीस वरसांत सुंदर माज्यापाशी येवढा बसला न्हवता."

केसरबाईने माझ्याकडे पाहिले.

उद्या सकाळी चाके काढून साफ करायची आहेत. दोन तासांचे काम आहे. आईला म्हटले, अंगणात घोंगडी टाकतो, येऊन बस.